सीतेची वेणी ओळखायला शिकताना

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात घाटरस्त्याने जाताना एखाद्या जुन्या आंब्याच्या आडव्या फांदीवरून गजऱ्यासारखे गुलाबी-पांढरे फुलोरे खाली लोंबताना दिसले, तर ती बहुतेक वेळा सीतेची वेणी असते. आमरी म्हणजे ऑर्किडच्या कुळातील या वनस्पतीचे शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा असे आहे. फुले असताना ती कोणाच्याही नजरेत भरते, म्हणून बहुतेक नवखे लोक तिला त्या दोन-तीन आठवड्यांत पाहतात, छायाचित्र काढतात आणि पुढच्या जूनपर्यंत विसरून जातात. तिची खरी ओळख मात्र उरलेल्या महिन्यांत होते. त्यामुळे या लेखात दिलेल्या पायऱ्यांचा क्रम मी मुद्दाम उलटा ठेवला आहे: आधी झाड पाहावे, मग मूळ, मग पान आणि सर्वांत शेवटी फूल.

आधी नावाचा घोळ

आमरींच्या मराठी नावांवर एका मर्यादेपलीकडे विसंबून चालत नाही. सीतेची वेणी, द्रौपदीची वेणी, द्रौपदीमाला, गजरा ही नावे लोंबत्या फुलोऱ्याच्या एकाहून अधिक आमरींना दिली जातात आणि गाव बदलले की नावही बदलते. सह्याद्रीत एरिडिस मॅक्युलोसा नावाची दुसरी एक देखणी आमरी साधारण याच हंगामात फुलते आणि तिलाही लोक वेणीच म्हणतात. म्हणून आपल्या वहीत गावातले नाव जसे ऐकले तसे लिहावेच, पण त्याच्या शेजारी शास्त्रीय नावही लिहावे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली या वनस्पतीचे वर्णन केले तेव्हा तिला एपिडेंड्रम रेटुसम म्हटले होते. १८२५ साली ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला आजच्या प्रजातीत आणले. ‘रेटुसा’ हे विशेषण पानाच्या बोथट, खाचदार टोकावरून आले आहे. ते लक्षात ठेवावे, कारण पुढे ते कामाला येणार आहे.

दुसरा घोळ अधिक नुकसान करणारा आहे. झाडावर वाढणाऱ्या प्रत्येक परक्या वनस्पतीला बांडगूळ म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे आणि बागेतला आंबा साफ करताना त्याच समजुतीने आमरी कोयत्याने खरवडून टाकल्या जातात. खरे बांडगूळ यजमान झाडाच्या आत शोषकमुळे घुसवून तिथला रस घेते, त्यामुळे फांदी हळूहळू वाळत जाते. आमरीची मुळे सालीच्या आत शिरत नाहीत. ती सालीला बाहेरून चिकटून राहतात आणि पावसाचे पाणी, दव, सालीच्या खाचांत साचलेला पालापाचोळा यांवर आपली गुजराण करतात. झाडाकडून तिला हवी असते ती जागा आणि उंची. बागायतदाराशी बोलण्याची वेळ आली, तर हा फरक त्याला फांदीवरच दाखवावा. बांडगुळाची फांदी जिथे यजमानाला जोडलेली असते तिथे गाठ आलेली दिसते, तर आमरीची मुळे दोरखंडासारखी सालीवरून पसरलेली दिसतात.

पहिली पायरी: झाड निवडणे

आमरी म्हटले की माणूस दाट, काळोख्या जंगलात शिरू पाहतो. सीतेच्या वेणीच्या बाबतीत हा अंदाज बहुधा चुकतो. तिला गाळून येणारा भरपूर उजेड आणि खेळता वारा लागतो, म्हणून ती दाट रानाच्या पोटात कमी आणि रानाच्या कडेला, देवराईच्या सीमेवर, घाटरस्त्याच्या दुतर्फा, जुन्या बागांत जास्त दिसते. आंबोली, राधानगरी, कोयना, फोंडा घाट, ताम्हिणी या पट्ट्यात फिरताना जंगलाच्या आत नजर लावण्याआधी रस्त्याकडेची म्हातारी झाडे पाहावीत.

झाडाची साल हा इथला सर्वांत उपयोगी संकेत आहे. आंबा, ऐन, किंजळ, जांभूळ अशा झाडांची साल खरबरीत, खाचाखाचांची असते. तिच्यात ओल टिकते आणि आमरीच्या धुळीइतक्या बारीक बियांना अडकायला जागा मिळते. ऐनाची साल तर मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींची असते आणि प्रत्येक भेगेत शेवाळ धरलेले असते. याउलट नाणा नावाच्या झाडाची साल गुळगुळीत असते आणि तिचे पापुद्रे निघून पडतात, त्यामुळे त्यावर आमरी शोधण्यात वेळ घालवू नये. एकाच झाडावर पाहतानाही बुंध्याच्या तळापासून सुरुवात न करता पहिल्या मोठ्या बेचक्यापासून वर जाणाऱ्या जाड, आडव्या फांद्या पाहाव्यात. पाऊस फांदीवर थांबतो आणि उजेड पोहोचतो अशी जागा बहुतेक तिथेच असते.

खडकांवर वाढणाऱ्या आमरींच्या शोधात निघालेल्यांनी अपेक्षा थोडी बदलावी. सीतेची वेणी मुख्यतः झाडावरच राहते. शेवाळलेले खडक आणि बुंधे हे पोर्पॅक्ससारख्या चिमुकल्या आमरींचे घर आहे. त्यांचे चपटे, बटणासारखे कंद जाळीदार आवरणात खडकाला चिकटलेले असतात आणि कोरड्या दिवसांत पाहणाऱ्याला ते वनस्पती आहेत हेही पटत नाही. खडक पाहताना गुडघ्यावर बसण्याची तयारी हवी, झाड पाहताना मान वर करण्याची.

त्यासाठी लागणारे साहित्य थोडे आहे. ८ बाय ४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटरच्या भिंगाची) दुर्बीण, दहापट मोठे दाखवणारे हातभिंग, फोन, आणि पावसात भिजली तरी चालेल अशी वही व पेन्सिल एवढे पुरते. पावसाळ्यात जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे घालावेत. एक गोष्ट मात्र कधीच विसरू नये: फांदीवर किंवा खडकाच्या कपारीत हात घालण्याआधी तिथे नीट पाहावे. चापडा हा विषारी साप पावसाळ्यात नेमका अशाच जागी तासन्‌तास न हलता बसलेला असतो आणि शेवाळाच्या हिरव्या-तपकिरी रंगात तो चटकन वेगळा ओळखू येत नाही.

दुसरी पायरी: मुळे

फुलांचा हंगाम नसताना झाडावर आमरी आहे की नाही हे बहुतेक वेळा मुळांवरून आधी कळते. सीतेच्या वेणीची मुळे जाड असतात, जुन्या झाडाची तर करंगळीच्या जाडीच्या जवळ जातात. कोरडी असताना ती राखाडी-पांढरी, चांदीसारखी दिसतात. काही फांदीला घट्ट बिलगून दूरवर जातात आणि काही हवेतच लोंबत राहतात. नवखा माणूस ही पांढरी मुळे पाहून रोप मेले असे समजतो. मीही पहिल्या वर्षी एका ऐनावरच्या पाच-सहा रोपांपुढे वहीत ‘वाळलेली’ असे लिहून ठेवले होते आणि पुढच्या जूनमध्ये त्यांतल्या चार रोपांवर फुलोरे लोंबताना पाहून ती ओळ खोडली होती.

हे कसे घडते ते एकदा प्रत्यक्ष पाहावे. वाऱ्याने पडलेली, आमरी चिकटलेली एखादी फांदी रस्त्याच्या कडेला मिळाली, तर तिच्या कोरड्या, पांढऱ्या मुळावर बाटलीतले चमचाभर पाणी सोडावे. पाणी टेकले त्या जागी पांढरा रंग पाहता पाहता विरतो आणि खालचा हिरवा रंग वर येतो. पाणी जिथवर पोहोचले तिथवरच हिरवा पट्टा दिसतो आणि पुढचे मूळ अजून पांढरेच असते. मुळाभोवती मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. कोरडेपणी त्या पेशींत हवा भरलेली असल्यामुळे ते पांढरे दिसते. पाणी शोषले की ते पारदर्शक होते आणि आतल्या जिवंत, हरितद्रव्य असलेल्या पेशी दिसू लागतात. पावसाची एखादी सर येऊन गेली तरी तेवढ्यात पाणी धरून ठेवण्याचे काम हे आवरण करते. जिवंत मूळ बोटाने हलके दाबले तर टणक लागते आणि मेलेले मूळ पोकळ, चुरगळणारे लागते.

मुळाचे टोकही पाहावे. टोकाला अर्धा-एक सेंटिमीटर चकचकीत हिरवा, काही वेळा लालसर भाग दिसला, तर मूळ वाढत आहे. पूर्ण मुळावर टोकापर्यंत पांढरे आवरण चढलेले असले, तर रोप विश्रांती घेत आहे. डिसेंबर ते एप्रिलमध्ये बहुतेक रोपे अशीच दिसतात आणि त्यात काळजीचे काही नसते.

तिसरी पायरी: पान आणि खोड

सीतेच्या वेणीला एकच खोड असते आणि ते फक्त शेंड्याकडून वाढत जाते. कंदासारखे फुगीर भाग तिला नसतात. हा पहिला मोठा फरक आहे: सह्याद्रीतल्या डेंड्रोबियमसारख्या आमरींना जाडसर कांडी असतात आणि त्यांतल्या डेंड्रोबियम बार्बाट्युलमची पाने उन्हाळ्याआधीच गळून निष्पर्ण कांड्यांवर पांढरी फुले येतात. सीतेच्या वेणीची पाने मात्र वर्षभर टिकतात. ती पट्ट्यासारखी लांब, जाड, मध्यशिरेवर दुमडून पन्हाळीसारखी झालेली आणि दोन रांगांत समोरासमोर रचलेली असतात. लांबी साधारण २० ते ४० सेंटिमीटर असते आणि जुनी पाने कमानीसारखी खाली वळतात.

आता दुर्बीण पानाच्या टोकावर लावावी. टोक निमुळते नसते. कोणीतरी दातांनी कुरतडून सोडल्यासारखे ते वाकडेतिकडे कापलेले दिसते आणि त्याच्या दोन बाजू एकसारख्या नसतात. ‘रेटुसा’ या नावाचा आधार हाच आहे. मात्र फक्त एवढ्या खुणेवर निर्णय देऊ नये, कारण खाचदार टोक इतरही काही आमरींना असते.

फुले नसताना सर्वांत जास्त गल्लत अकँप प्रिमॉर्सा या आमरीशी होते. तीही कोकणातल्या आंब्यांवर विपुल असते, तिचीही मुळे जाड आणि पाने दोन रांगांत असतात. फरक असा की अकँपची पाने अधिक ताठ व चामड्यासारखी असतात आणि सरळ बाहेर येतात, तर वेणीची पाने लांब, पन्हाळीदार आणि खाली झुकणारी असतात. गेल्या हंगामाचे वाळलेले फुलोऱ्याचे दांडे रोपावर उरलेले असतील, तर प्रश्नच मिटतो: वेणीचा दांडा लांब आणि खाली लोंबणारा असतो, अकँपचा आखूड, पानांच्या बेचक्यातच राहणारा असतो. एरिडिस मॅक्युलोसाची पाने तुलनेने आखूड व रुंद असतात. तरीही फुलांशिवाय तिच्यात आणि वेणीत खात्रीने फरक सांगणे नवख्याला जमत नाही, आणि अशा वेळी वहीत प्रश्नचिन्ह काढून पुढे जाणे उत्तम.

चौथी पायरी: फूल

महाराष्ट्रात सीतेची वेणी साधारण मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत, घाटमाथ्यावर काही ठिकाणी जुलैच्या सुरुवातीपर्यंत फुलते. आसामात ती थोडी आधी, बिहूच्या सुमारास फुलते. तिथे तिला कपौ फूल म्हणतात, बिहू नाचणाऱ्या मुली ती अंबाड्यात माळतात आणि ती त्या राज्याचे राज्यपुष्प आहे. पानाच्या बगलेतून निघालेला फुलोरा वाढत खाली झुकतो. चांगल्या रोपावर तो हातभर लांब होतो आणि त्यावर शंभराहून अधिक फुले दाटीने, दांड्याभोवती सगळीकडून बसलेली असतात. दुरून तो झुपकेदार शेपटीसारखा दिसतो, म्हणून इंग्रजीत त्याला कोल्ह्याच्या शेपटीची उपमा दिलेली आहे. आपल्या लोकांना वेणी आठवली, आणि मला विचाराल तर आपली उपमा अधिक नेमकी आहे, कारण फुले वेणीतल्यासारखी खरोखर गुंफलेली दिसतात.

खाली पडलेले एखादे ताजे फूल तळहातावर घेऊन हातभिंगाखाली पाहावे. फांदीवरचे तोडू नये. फूल जेमतेम दोन सेंटिमीटरचे असते. बाहेरची तीन संदले आणि आतल्या दोन पाकळ्या पांढऱ्या असून त्यांवर जांभळट-गुलाबी ठिपके शिंपडलेले असतात. तिसरी पाकळी, जिला ओठ म्हणतात, ती वेगळ्या घडणीची असते. तिचा पुढचा भाग गडद गुलाबी आणि ठिपक्यांविना असतो व मागचा भाग दोन्ही बाजूंनी चपटा होऊन पिशवीसारखा मागे जातो. ओठाच्या वर एक आखूड, चोचीसारखे टोक असलेला स्तंभ असतो. पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र जुळून तो बनलेला असतो. ऱ्हिंकोस्टायलिस या नावाचा अर्थच चोच असलेला स्तंभ असा आहे. स्तंभाच्या टोकावरची बारीक टोपी दातकोरणीने खालून वर उचलली, की परागकणांचे दोन पिवळे गोळे कोरणीच्या टोकाला चिकटून बाहेर येतात. फुलात शिरलेल्या कीटकाच्या अंगावर ते असेच चिकटतात आणि पुढच्या फुलात पोहोचतात.

एरिडिसशी असलेला फरक इथे स्पष्ट होतो. एरिडिस मॅक्युलोसाचा ओठ मोठा, पसरट आणि उठून दिसणारा असतो, तिची फुलेही फुलोऱ्यावर थोडी विरळ बसतात. वेणीचा ओठ लहान असतो आणि फुलांच्या दाटीत जवळजवळ झाकला जातो. समोरून काढलेल्या एका छायाचित्रावरून हा फरक नेहमी कळत नाही. म्हणून फुलाचे एक छायाचित्र समोरून आणि एक बाजूने, पिशवी दिसेल असे, काढावे.

फुले गळाल्यावर काही मोजक्याच जागी फळे धरतात. ही बोंडे कडांवर उंचवटे असलेली, देठाकडे निमुळती असतात आणि पक्व व्हायला त्यांना अनेक महिने लागतात. ती उकलली की आतून धुळीसारखे बी वाऱ्यावर जाते. त्या बियांत अन्नाचा साठा जवळजवळ नसतो. सालीवर योग्य बुरशी भेटली आणि तिने अन्न पुरवले, तरच बी रुजते. लाखो बियांतून एखाददुसरे रोप वर येते आणि त्याला पहिले फूल यायला काही वर्षे जातात. रानातून एक जुने रोप उपटणे किती महागात पडते, याचा हिशेब इथे आहे.

नोंद कशी ठेवावी

घराजवळचे किंवा नेहमीच्या वाटेवरचे एकच झाड निवडून त्यावरच्या रोपांना वर्षभर महिन्यातून एकदा भेट द्यावी. दर वेळी पाच छायाचित्रे पुरतात: संपूर्ण झाड, त्यावरची रोपाची जागा, पानाचे टोक, मुळाचे टोक आणि असेल तर फूल वा बोंड. सोबत यजमान झाडाचे नाव, फांदीची अंदाजे उंची, आमरी फांदीच्या कोणत्या बाजूला आहे आणि आदल्या आठवड्यातला पाऊस एवढे लिहावे. नोंद आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर टाकायची असल्यास नेमके ठिकाण धूसर करण्याचा पर्याय निवडावा. आमरी विकणारेही अशा नोंदी वाचतात, आणि रस्त्याकडेच्या हाताच्या उंचीवरच्या रोपाचे ठिकाण उघड करणे म्हणजे त्याचा पत्ता देणे होय.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. राखीव वनातली कोणतीही वनस्पती भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे वनोपज ठरते आणि ती परवानगीशिवाय काढणे गुन्हा आहे. अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानांत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. शिवाय सर्वच आमरी साइट्स या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या परिशिष्टांत आहेत, त्यामुळे देशाबाहेर रोप नेणे वा आणणे यालाही कागदपत्रे लागतात.

पडलेल्या रोपाचे काय करावे

जून-जुलैच्या वाऱ्यात आमरींनी लगडलेल्या फांद्या मोडून पडतात आणि जमिनीवर राहिलेली रोपे ओल व सावली यांमुळे बहुधा कुजतात. वनक्षेत्रात असे दिसल्यास वनरक्षकाला सांगावे. आपल्या किंवा ओळखीच्या मालकाच्या बागेत असल्यास त्याच झाडाच्या दुसऱ्या फांदीवर रोप पुन्हा बांधता येते. त्यासाठी सालीचा तुकडा मुळांसकट ठेवावा, मुळे ओरबाडून सोडवू नयेत. रोप फांदीच्या बाजूला, शेंडा किंचित बाहेर झुकलेला राहील असे ठेवून सुती दोरीने दोन ठिकाणी बांधावे. शेंडा सरळ आभाळाकडे ठेवला, तर पानांच्या पन्हाळीतून पाणी गाभ्यात साचते आणि रोप तिथून सडते. शेंडा गेला की रोपाची उंची वाढणे थांबते, कारण वाढीचे टोक तेवढे एकच असते. प्लॅस्टिकची दोरी किंवा तार वापरू नये. ती मुळांत रुतते आणि फांदी जाड झाली की तिलाही कापते.

घरी वाढवण्याची हौस असेल, तर प्रयोगशाळेत बियांपासून तयार केलेले, रोपवाटिकेतले रोप पावतीसह घ्यावे. मातीची कुंडी तिला चालत नाही. खरबरीत सालीच्या लाकडाचा जाड तुकडा किंवा अंगणातला आंबा हीच तिची कुंडी होय. जागा सकाळचे ऊन आणि दुपारी गाळलेला उजेड मिळेल अशी असावी. उन्हाळ्यात रोज सकाळी मुळे पूर्ण हिरवी होईपर्यंत पाणी द्यावे आणि संध्याकाळपर्यंत ती पुन्हा पांढरी होतात का ते पाहावे. होत नसतील, तर वारा कमी पडतो आहे. हिवाळ्यात पाणी कमी करावे. खत द्यायचे झाले, तर वाढीच्या काळात पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या चौथ्या हिश्श्याने द्यावे.

रोप बांधण्यासाठी पावसाच्या तोंडावरचे दिवस सर्वांत चांगले, कारण नवी मुळे त्याच सुमारास फुटतात. खोडाच्या खालच्या भागातून प्रथम हिरवा ठिपका येतो, तो वाढत सालीला टेकतो आणि टेकल्या जागी थोडा चपटा होऊन तिला धरतो. तो टेकला की दोरी सोडण्याची घाई करू नये. आणखी एक पावसाळा ती तशीच राहू द्यावी, तोवर सुती दोरी आपोआप कुजून गळून पडते.